रेवा डेलचं पहिलं नाटक

इंदूरला जातेय म्हटल्यावर नाशिकच्या चार मैत्रिणींनी मला चार याद्या दिल्या, आणि चारही खाण्याच्या. मी मात्र निघाले होते एका नटीच्या लहानपणाच्या शोधात.

रेवा डेल हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. हमरस्त्यावरचं मोटेल चालवणाऱ्या भारतीय कुटुंबातल्या थोरल्या मुलीचं काम तिनं एका अमेरिकन चित्रपटात केलं आणि तिचं नाव झालं. तिचं मूळ नाव रेवा जगदाळे आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ती इंदूरला वाढली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक. आमच्या एका प्रकाशकांनी परदेशात नाव काढलेल्या मराठी बायकांवर मुलांसाठी पुस्तक काढायचं ठरवलं. रेवावर लिहिणारे गृहस्थ ऐनवेळी आजारी पडले आणि ते प्रकरण माझ्या पदरात आलं. मी लेखिका नव्हे. तीस वर्षं मी मुद्रितं तपासत आले आहे. दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणं हेच माझं काम.

रेवाच्या मुलाखती वाचल्या तर प्रत्येकीत एक गोष्ट हमखास सापडली. अकरा वर्षांची असताना शाळेच्या नाटकातून तिला काढलं, कारण तिचं मराठी ‘बरोबर’ नव्हतं. त्याच दिवशी तिनं ठरवलं की आपण बोलण्यावरच पोट भरायचं. प्रकाशक म्हणाले, “प्रकरण इथूनच सुरू करा. ती बाई कोण होती ते शोधून काढा. मुलांना दुष्ट बाई फार आवडते.”

रेवाच्या सहायिकेला मी पत्र पाठवलं. दीड महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं. लहानपणाबद्दल इंदूरच्या हेमाला विचारा, असं लिहून खाली पत्ता दिला होता सियागंजमधल्या मसाल्याच्या एका दुकानाचा.

राऊच्या रस्त्यावर

माझी भाची पल्लवी चार वर्षांपासून इंदूरला नोकरीला आहे. तिचं घर राऊ या इंदूरच्या वेशीवरच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नव्या इमारतींच्या रांगेत. मी पोचले त्या सकाळी थंडी अशी होती की नाशिकची थंडी ही थंडीच नव्हे असं वाटावं.

“मावशी, चल जल्दी. मी गाडी काढून राहिली आहे.”

“काढतेय म्हण गं,” मी म्हटलं. सवयच ती.

ती हसली आणि मला पोहे खायला घेऊन गेली. आपल्याकडचे पोहे कढईत फोडणीवर परततात. इथे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर परात ठेवून पोहे वाफेवर गरम राखतात. वर बारीक शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जीरावण नावाचा आंबट-तिखट मसाला. सोबत जिलबी. मी जिलबी शेवटी खायची म्हणून बाजूला सारली, तर शेजारी उभे असलेले अनोळखी गृहस्थ कळवळून म्हणाले, “अरे मैडम, साथ में खाओ, साथ में!” त्यांचं मन मोडवेना म्हणून एक घास तिखट, एक घास गोड असं खाल्लं. पल्लवी जिलबीची दुसरी बशी घेऊन आली तेव्हा मी नको म्हटलं नाही.

सियागंज

सियागंज म्हणजे घाऊक व्यापाराचं गजबजलेलं पोट. एका गल्लीत कुलपं आणि बिजागऱ्या, दुसरीत साबण, तिसरीत धने-मिरची. हातगाड्या, रिक्षा आणि पोती उचलणारी माणसं एकमेकांना न धडकता कशी जातात हे मी बघत उभी राहिले, आणि त्या बघण्याच्या नादात स्वतःच धडकले. एका हमालानं पोतं खाली टाकलं, ते उसवलं, आणि माझी फिकट निळी साडी गुडघ्यापासून कोपरापर्यंत हळदीनं पिवळी झाली.

तशीच मी हेमाच्या दुकानात शिरले. गल्ल्यावर पंचेचाळिशीची, कपाळावर चष्मा चढवलेली बाई बसली होती. माझ्याकडे बघून तिनं आधी तोंडावर हात धरला, मग तो काढून मनसोक्त हसली.

“साठेजी ना तुम्ही? नाशिकहून येतायत म्हणून रेवाचा मेसेज होता. या या. आमच्याकडे पाहुण्यांना हळद लावायची पद्धत नाही हं, तुम्हालाच स्पेशल!”

तिनं मला आत नेलं, ओला टॉवेल दिला, चहा मागवला. हेमाचं माहेर मराठी, सासर हिंदी. दुकान सासऱ्यांचं, पण आता तीच बघते. रेवा तिच्या शेजारच्या बाकावर बसायची.

“जगदाळे लोक म्हणजे पुराने इंदुरी,” ती सांगू लागली. “पणजोबा होळकरांच्या फौजेत घोड्यावर होते. रेवाचे बाबा इंजिनिअर. घरात मराठी, पण आमच्यासारखी. अर्धी हिंदी, वरून मालवीचा तडका. माझी आई पुण्याची. ती मला टोकायची, म्हणून मी जरा सीधं बोलायची. आणि बस, तेवढ्याचसाठी रेवाचा रोल मला मिळाला.”

मी कप खाली ठेवला. “म्हणजे तिच्या जागी तुम्ही?”

“मीच. तिनं मला सगळ्या मूव्ह्ज शिकवल्या. रडत-रडत शिकवल्या, पण शिकवल्या. तेव्हापासून दर दिवाळीला मी तिला सॉरी म्हणते आणि ती म्हणते, चुप बैठ.”

“आणि तिला काढलं ते कुणी?”

हेमानं चष्मा डोळ्यांवर घेतला. “मोघेताईंनी. आमच्या मराठीच्या टीचर. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, राऊला राहतात. मी दर हफ्त्याला जाते. तुम्हाला नेते, पण एक शर्त आहे. रेवाच्या इंटरव्ह्यूची बात तिथे काढायची नाही. त्यांना ते पता नाही. तिनं दुनियाभर सांगितलंय हे कळलं तर त्यांना काय वाटेल?”

मी मान डोलावली. पण संध्याकाळी परतताना मन अस्वस्थ होतं. ज्या प्रश्नासाठी आले तोच विचारायचा नाही, आणि उद्या छापून मात्र टाकायचं, ही मला फसवणूक वाटत होती.

लालबाग

दुसरा दिवस रविवारचा. लालबागच्या मैदानावर जत्रा भरली होती. राजवाडा मागे शांत उभा, आणि पुढे आकाशपाळणे, चादरी, लोणची, खेळणी. हेमानं गराडू घेतले. हा इथला हिवाळ्यातला कंद. तुकडे दोनदा तळून वर मसाला आणि लिंबू पिळतात. आपल्या सुरणाचा हा तगडा भाऊ म्हणायला हरकत नाही. पहिला तुकडा घाईनं तोंडात टाकून मी जीभ भाजून घेतली.

“रेवाचा पहिला स्टेज म्हणजे हेच मैदान,” हेमा म्हणाली. “आम्ही आठ-नऊ वर्षांच्या असू. तिचा धाकटा भाऊ गर्दीत कुठेतरी गेला. आम्ही घोषणेच्या तंबूत गेलो. तिथल्या माणसाला भावाचं वर्णन सांगता-सांगता तिनं माईकच धरला, आणि त्याच्याच आवाजात, त्याच्याच थाटात घोषणा ठोकली. लाल स्वेटर, नाक वाहतंय, नाव विचारलं तर चावतो! सगळं मैदान हसलं. भाऊ मिळाला, आणि तो माणूस म्हणतो, बेटा, एक बार और बोल.”

तिथेच गवतावर बसून तिनं मला पुढची हकिकत सांगितली. काही मी वाचलेली होती, काही अजिबात नव्हती. बाराव्या वर्षी वडिलांबरोबर रेवा न्यू जर्सीला गेली. पहिलं वर्ष शाळेत ती जवळजवळ गप्पच होती. इथे मराठी चुकीचं म्हणून ऐकलं, तिथे इंग्रजी चुकीचं. वडिलांच्या इच्छेखातर औषधनिर्माणाच्या कॉलेजात गेली आणि दुसऱ्या वर्षी ते सोडलं. वडील तीन वर्षं बोलले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये तिनं हॉटेलात ताटं उचलली, एका दवाखान्याच्या टेलिफोनसाठी ‘अमक्यासाठी एक दाबा’ असा आवाज दिला. मग पडद्यावर कामं मिळू लागली, पण कुठली? एका वाक्याची नर्स, दोन वाक्यांची डॉक्टर, किराणा दुकानदाराची बायको. जगदाळे हे नाव कुणाला म्हणता येईना, म्हणून एजंटनं इंग्रजी स्पेलिंगमधलं सुरुवातीचं ‘जग’ तोडून ‘डेल’ केलं.

“आणि मोटेलचा सिनेमा?” मी विचारलं.

“त्याचं ऐका ना. ऑडिशनला सांगितलं, जरा इंडियन बोला. म्हणजे काय बोलू, हे तिला कळेना. शेवटी चिढून तिनं आमच्या गल्लीत बोलायचो तसं इंग्रजी बोलून टाकलं. तो डायरेक्टर उठून उभा राहिला. म्हणतो, हा आवाज मी आजपर्यंत ऐकलेला नाही.”

सिनेमा लागला तेव्हा वडील एकटेच जाऊन बघून आले. घरी येऊन त्यांनी तिला फोन केला आणि म्हणाले, “तू बिलकुल आपल्या आत्यासारखी बोलत होतीस.” बाप-लेकीचं बोलणं सुरू झालं ते त्या वाक्यापासून.

राऊ

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मोघेताईंकडे गेलो. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, पुढे पेरूचं झाड. लहानशा चणीच्या, पाठीत किंचित वाकलेल्या ताई स्वतः दाराशी आल्या. आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.

“काय करतेस तू?” त्यांनी मला विचारलं.

“मुद्रितं तपासते. शुद्धलेखन बघते.”

“म्हणजे आपण दोघी एकाच धंद्यातल्या.”

त्यांनी भुट्ट्याचा कीस केला होता. कोवळं मक्याचं कणीस किसून दुधात आणि मसाल्यात शिजवतात. माझी वाटी अर्धी झाली असेल, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “रेवाबद्दल लिहिते आहेस ना? मग विचार की. तिला नाटकातून काढणारी बाई मीच.”

हेमाच्या हातातला चमचा तसाच राहिला. “ताई, तुम्हाला पता आहे?”

“अगं, माझा नातू मला फोनवर सगळं दाखवतो. सात-आठ मुलाखती बघितल्या आहेत. तू मला सांगत नाहीस, म्हणून मीही तुला सांगत नव्हते.”

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि एकेक शब्द तोलत सांगू लागल्या.

“मी लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले. नाटकाची हौस. पहिल्या वर्षी मुलांना घेऊन स्पर्धेला गेले, तर परीक्षक माझ्या मुलांच्या बोलण्यावर हसले. मुलांना कळलंसुद्धा नाही. लाज मला वाटली. तेव्हा ठरवलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. पुढे मीच एक नाटुकलं लिहिलं, नर्मदेवरच्या नावाड्याच्या मुलीचं. रेवा त्यात अशी काही उभी राहायची की मी लिहिलेलं मलाच नवं वाटायचं. पण महत्त्वाच्या जागी आली की म्हणायची, ‘पाणी चढून राहिलं आहे.’ मी शंभर वेळा सांगितलं, चढतं आहे म्हण. तालमीत म्हणायची. जीव ओतून बोलायला लागली की पुन्हा तेच. स्पर्धेला आठ दिवस राहिले आणि मी तिला काढलं. सगळ्यांसमोर काढलं. एकटीला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, तेवढंही केलं नाही.”

“आणि मग?” मी विचारलं.

“मग ही.” त्यांनी हेमाकडे बोट दाखवलं. “नेमकी त्याच जागी विसरली.”

हेमा मान खाली घालून म्हणाली, “पूर्ण ब्लँक झाले. तेव्हा माझ्या मदतीला विंगेत थांबलेली रेवा ओरडली, ‘पाणी चढून राहिलं आहे!’ आणि मी जशीच्या तशी ओरडले.”

“लोक हसले,” ताई म्हणाल्या. “परीक्षकही. पण ते फक्त सुरुवातीला. मग सगळे चूप झाले, कारण ती ओरड खरी होती. माझी चूक मला तिथेच कळली, विंगेत रेवाशेजारी उभी असताना. मी तिला काही म्हटलं नाही. उद्या बोलू, परवा बोलू करत वर्ष गेलं आणि ती अमेरिकेला गेली.”

मी ज्या दुष्ट बाईला शोधायला आले होते ती समोर बसली होती. मला तिच्यात माझंच काहीतरी दिसत होतं आणि ते मला आवडत नव्हतं.

“ताई, पुस्तकात मी तुमचं नाव घालणार नाही,” मी म्हटलं.

“का? घाल. मोघे लिही, ‘घ’चा ‘ध’ करू नकोस, म्हणजे झालं.” त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या, मग गंभीर झाल्या. “पण छापण्याआधी मला तिच्याशी बोलायचं आहे. तीस वर्षांहून जास्त झाली. माझ्याकडे तिचा नंबर नाही, आणि हेमाकडे मागायचा धीर नव्हता.”

हेमानं फोन काढून त्यांच्यासमोर धरला आणि आवाज नोंदवायला सुरुवात केली. ताई जेमतेम दोन वाक्यं बोलल्या. “रेवा, मी मोघेताई. मी तेव्हा चुकले, ते तुला सांगायचं राहून गेलंय.” हेमानं तेवढंच पाठवून दिलं.

परतताना पल्लवी मला घ्यायला आली. दिवसभर ऑफिसात काय-काय ‘होऊन राहिलं’ ते तिनं वाटेत सविस्तर सांगितलं. मी ऐकत होते. घर आल्यावर तिनं काळजीनं विचारलं, “मावशी, तब्येत ठीक आहे ना? आज एकदाही टोकलं नाहीस.”

पुन्हा राऊ

त्या रात्री उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी हेमाचा फोन, “साठेजी, लवकर या. ती आत्ता बोलणार आहे.” माझी परतीची गाडी दुपारची होती. पल्लवीनं ऑफिसला उशीर करून मला राऊला सोडलं.

ताई नवी कोरी इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. हेमानं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर रेवा दिसली. तिथे रात्र होती. केस वर बांधलेले, रंगरंगोटी नाही, मागे पुस्तकांचं कपाट. सिनेमात दिसते त्यापेक्षा बारीक वाटली.

“ताई,” ती म्हणाली, “किती छोट्या झालात तुम्ही!”

“आणि तू किती मोठी!” ताई म्हणाल्या, आणि लगेच मुद्द्यावर आल्या. “रेवा, मी चुकले होते.”

मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या, काही नाही. ती तसं म्हणाली नाही.

“हो ताई. चुकला होतात. मी खूप दिवस रडून राहिले होते. इकडे आल्यावर पण.” ती थांबली. “पण मी पण एक केलं. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत फिरले. लोकांना आवडायची, मग मी अजून सांगायची. त्याच्या आधी तीन साल तुम्ही मला रोज शाळा सुटल्यावर शिकवत होता, उभं कसं राहायचं, समोरच्याचं ऐकायचं कसं, ते मात्र कधी कुणाला नाही सांगितलं. ती चूक माझी.”

ताईंनी पदरानं डोळे टिपले. हेमा तर कधीची रडत होती. रेवानं तिला दटावलं, “हेमा, चुप बैठ,” आणि मग मला विचारलं, “मॅडम, तुम्हीच लिहिता आहात ना? दोन्ही लिहा. अर्धं नका लिहू.”

मी दोन्ही लिहिलं आहे. प्रकाशकांना दुष्ट बाई मिळाली नाही, त्यामुळे ते आधी जरा खट्टू झाले. मग हस्तलिखित घरी नेऊन लेकीला वाचून दाखवलं, आणि दुसऱ्याच दिवशी छपाईला घेतलं.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. बोलणं संपेल असं वाटत होतं तेव्हा ताईंनी विचारलं, “सध्या काय करते आहेस?”

“नाटक,” रेवा म्हणाली. “किती वर्षांनी स्टेजवर जाते आहे. सच बताऊं, डर लागतो. हॉल खूप मोठा आहे. शेवटचं एक मोठं भाषण आहे आणि ते पोचतच नाही असं वाटतं.”

“म्हणून दाखव.”

“ताई, इंग्रजी आहे.”

“असू दे की. म्हण.”

रेवा खुर्चीवरून उठली. दोन पावलं मागे गेली, हात सैल सोडले आणि बोलू लागली. ताईंनी डोळे मिटले. त्यांचं इंग्रजी बेताचं, मलाही अर्धंच कळत होतं. कुणीतरी आपलं घर सोडून जात होतं आणि मागे राहणाऱ्याला काहीतरी समजावत होतं, एवढं ध्यानात आलं. भाषण संपलं. पेरूच्या झाडावर पोपट कलकलत होते.

“शब्द मला सगळे कळले नाहीत,” ताई डोळे न उघडता म्हणाल्या. “ते तुझे तू बघ. पण प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द तू खाली टाकते आहेस. शेवटच्या रांगेतल्या माणसाला तोच हवा असतो. श्वास तिथपर्यंत पुरव.”

रेवानं मान हलवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हेमा चहा ठेवायला आत गेली. मी घड्याळ बघितलं, गाडीला अवकाश होता. मग मीही तिच्या मागोमाग गेले, कारण आता त्या खोलीत आमचं काही काम नव्हतं. आलं किसताना बाहेरून दोघींचे आवाज येत होते, एक सात समुद्रापलीकडून, दुसरा तीन हातांवरून.

“आता?” रेवा विचारत होती.

“बरं आहे. शेवटची ओळ अजून नाही,” ताई म्हणाल्या. “पुन्हा.”

आणि रेवानं पुन्हा म्हटलं.